पुसायला काहीतरी मऊ

अनीश आयुष्यात जेवढं खोटं बोलला होता, त्यातलं हे सगळ्यात बिनकामाचं होतं. कुणी काही विचारलंच नव्हतं.

धारचे दत्तोपंत देवासला अनीशच्या फ्लॅटवर मुलगा बघायला आले होते. म्हणजे मुलगा त्यांच्या मुलीने, इरावतीने, आधीच बघून ठेवला होता, दत्तोपंत फक्त मंजूर करायला आले होते. पोहे झाले, चहा झाला, आणि निघता निघता हात धुवायला ते बेसिनपाशी गेले. तिथे कपात अनीशचं दाढीचं रेझर उभं होतं. निळं, प्लास्टिकचं, पाचांच्या पाकिटातलं. दत्तोपंतांनी ते दोन बोटांनी उचललं, उजेडात धरलं, परत ठेवलं आणि म्हणाले, "आम्ही अजून वस्तराच वापरतो."

"मीपण," अनीश म्हणाला.

"मग हे?"

"हे बाबांचं."

अनीशच्या बाबांना छातीपर्यंत पांढरी दाढी होती. ते समोरच सोफ्यावर बसले होते. बिचाऱ्यांनी मुलासाठी काय करायचं, तर दाढीवर हात ठेवून ती जमेल तेवढी झाकली. दत्तोपंतांनी त्या दाढीकडे पाहिलं, अनीशकडे पाहिलं, आणि "असं" म्हणून चपला घातल्या.

संध्याकाळी इरावतीचा फोन आला. ती देवासलाच एका शाळेत केमिस्ट्री शिकवायची आणि घरच्यांशीसुद्धा निकाल वाचून दाखवल्यासारखी बोलायची.

"बाबा हो म्हणालेत. पण तू वस्तऱ्याने दाढी करतोस असंही म्हणालेत. तू पागल आहेस का?"

"निघून गेलं तोंडातून."

"बाबांना खोटं चालत नाही. मागचं स्थळ कारल्यावरून मोडलं, सांगितलं होतं ना? तो म्हणाला, मला कारलं फार आवडतं. जेवल्यावर बाबांनी त्याची वाटी उचलली, तर खाली चौदा फोडी. तेव्हाच संपलं."

"मग खरं सांगून टाकू?"

"आता सांगितलंस तर आत्ताच संपेल. साखरपुड्याला तीन हफ्ते आहेत. शिकून घे. शिकलास तर ते खोटं राहणार नाही." फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "आणि मरू नकोस. केटररला अॅडव्हान्स गेलाय."

तर असा वस्तरा घरात आला. ऑनलाइन मागवला, डब्यात मखमल होती, आणि मखमलीवर तो असा पडला होता की अनीशच्या आईने आधी त्याला कुंकू लावलं. धारला धार घेऊन जाणार का, हा विनोद कॉलनीत त्या आठवड्यात अकरा जणांनी केला. प्रत्येकाला तो स्वतःलाच सुचलेला होता, त्यामुळे अनीशला अकराही वेळा नव्याने हसावं लागलं.

शिकवायला मांगीलाल होता. चौकातलं त्याचं दुकान एवढं लहान की गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की मांगीलालला अर्धं बाहेर उभं राहावं लागे. त्याने वस्तरा हातात घेतला, अंगठ्याने धार पाहिली आणि गंभीर झाला.

"भिया, दाढ़ी तो कोई भी बना ले. असली काम पोंछने का हे."

"पोंछने का?"

"एक हाथ मारा, पोंछा. दूसरा मारा, पोंछा. साबुन चढ़ा रहा तो धार अंधी हो जाती हे, फिर गाल पे चले कि कान पे, उसको क्या पता! और पोंछते टेम पीठ आगे, धार पीछे. उल्टा किया तो कपड़ा गया. और कपड़ा केसा? मुलायम. पुराना. घिसा हुआ. नया कपड़ा तो मेरे को लाके बताना मत."

"आप तो हाथ पे पोंछते हो."

मांगीलालने आपला डावा तळहात समोर धरला. तो तळहात नव्हता, चामड्याची वही होती. "ये बाईस साल का हाथ हे, भिया. तुम्हारा अभी कल का हे."

अनीशने मनापासून शिकायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात गालाला फारसं काही झालं नाही, कारण वस्तरा गालापर्यंत पोचायच्या आधीच पुसण्यात टॉवेल जायचे. पीठ, म्हणजे वस्तऱ्याची बोथट कड, पुढे आणि धार मागे, हे त्याला झोपेतही पाठ होतं. पण कुणी बाथरूमचं दार वाजवलं, की हाताला काय व्हायचं कोण जाणे, धार पुढे यायची. आईने तिसऱ्या टॉवेलच्या झालरी दोरीवर वाळत घातल्या आणि खालच्या मजल्यावरच्या प्रमोदिनीकाकू वर आल्या. त्या कुठल्याही संकटात चौकशीला येत आणि दुसरं देऊन जात.

"अगं, टॉवेल कशाला वाया घालवतोय? वर्तमानपत्राला पुसायचं. आमचे हे तसंच करायचे."

वर्तमानपत्राला पुसलं. शाई वस्तऱ्याला लागली, वस्तऱ्याची गालाला, आणि अनीश त्या दिवशी हनुवटीवर पुसटशी मंडीचे भाव घेऊन कामावर गेला. सोयाबीन वाचता येत होतं.

इथे अनीशच्या नोकरीबद्दल सांगायला हवं. तो एमआयडीसी म्हणावी तशा देवासच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात सहायक सुरक्षा अधिकारी होता. सुरक्षा म्हणजे फाटकावर उभं राहणं नव्हे, हे तो दर दिवाळीला नातेवाइकांना समजावत असे. लोकांना अपघात होऊ नयेत, हे त्याचं काम. फाटकाजवळ त्याचाच बोर्ड होता: 'बिना दुर्घटना के दिन', आणि खाली आकडा. त्या सकाळी आकडा होता दोनशे आठ. आकडा अडीचशे झाला की तीनशे कामगारांना काजूकतलीचा एकेक डबा मिळणार होता.

दुसऱ्या आठवड्यात वस्तरा गालापर्यंत पोचला. अनीश सोमवारी तोंडाला चार पट्ट्या लावून आला. हजेरीच्या कॅमेऱ्याने त्याला ओळखायला नकार दिला. मागे रांग वाढली. "पट्टी निकालो साहब," मागून कुणीतरी म्हणालं. अनीशने एक काढली, दुसरी काढली, आणि तिसरीबरोबर हनुवटीखालून दोन थेंब खाली पडले. पिवळ्या रेषेच्या आत.

पिवळ्या रेषेच्या आत रक्ताचा थेंब पडला तर तो अपघात धरावा, हा नियम मागच्या वर्षी खुद्द अनीशने लिहिला होता. त्याचं कौतुकही झालं होतं. साहेबांनी त्याला केबिनमध्ये बसवून त्यानेच तयार केलेला फॉर्म त्याच्यापुढे सरकवला. 'दुर्घटना के समय कर्मचारी क्या कर रहा था?' अनीशने लिहिलं, पट्टी काढत होता. 'मूल कारण?' दाढी. 'यह दुर्घटना कैसे टाली जा सकती थी?' या रकान्यापाशी तो बराच वेळ थांबला. मग त्याने प्रामाणिकपणे लिहिलं, 'पोहे खाकर चुप रहने से.'

शिडी लावून आकडा त्यालाच बदलावा लागला. दोनशे बाराचे तीन पत्रे काढून तो शून्य अडकवत होता तेव्हा शिफ्ट सुटली. तीनशे माणसं काही न बोलता खालून गेली. एखाद्याने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

तरीही तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी अनीशला वस्तऱ्याने दाढी करता येऊ लागली होती. सुबक म्हणता येणार नाही, पण संपल्यावर दोन्ही कान जागेवर असत. मांगीलालने गालावरून हात फिरवून "चल जाएगा" म्हटलं. फक्त तीन अटी होत्या: दार वाजता कामा नये, कुणी हाक मारता कामा नये आणि पुसायला काहीतरी मऊ हवं. त्यासाठी त्याने त्या तीन शहीद टॉवेलांतली सगळ्यात जुनी चिंधी बॅगेत ठेवली.

दत्तोपंतांच्या घराण्याकडे धारमधल्या एका गल्लीतल्या दत्ताच्या देवळाची पूजा होती. साखरपुड्याच्या दिवशी सकाळी सातला तिथे अभिषेक, मग दहाला घरी विधी. तेव्हा "मुलाने आदल्या दिवशीच यावं, बाकीच्यांनी सकाळी आलं तरी चालेल," असा दत्तोपंतांचा निरोप होता. इरावती आधीच धारला घरी पोचली होती. अनीश शनिवारी बसने गेला, जेवला, कारलं खरोखर खाल्लं, आणि रविवारी सहाला उठून वस्तरा घेऊन मागच्या पडवीत आला.

पडवीत बेसिन होतं, वर आरसा, शेजारी न्हाणीघर. आत दत्तोपंतांची आंघोळ चालू होती. तोंडाने काहीतरी श्लोक, मधेच तांब्याचा आवाज. अनीशने फेस केला, चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा घासला, डाव्या गालावरून पहिला हात सुरेख उतरवला आणि चिंधीसाठी बॅगेत हात घातला.

चिंधी नव्हती. तिच्या जागी आईची चिठ्ठी होती. 'सासुरवाडीला चिंध्या नेतोस? काढून ठेवली आहे. नीट वाग.'

वस्तऱ्यावर फेसाचा डोंगर. नवीन कपडा मांगीलालला चालत नव्हता, तळहात कालचा होता, वर्तमानपत्राचा अनुभव वर आलाच आहे. अनीशने इकडेतिकडे पाहिलं, मग वर पाहिलं. छताखाली उंचावर एक बांबू आडवा टांगलेला होता आणि त्यावर एकच वस्त्र, घडी न मोडता, ताणून वाळत घातलेलं. जुनं, विटकं, झिजून झिजून सायीसारखं मऊ झालेलं. भिंतीला एक लांब काठीही टेकवून ठेवली होती, ते काढायला. शिस्तीच्या घरात पुसायच्या फडक्यालासुद्धा शिस्त असते, असं त्याच्या मनात आलं आणि सासऱ्यांबद्दलचा आदर वाढला.

आता हे कुणालाही वाटलं नसतं. धारच्या कुठल्याही शेंबड्या पोराला माहीत असतं की उंच दांडीवर काठीने वाळत घातलेलं वस्त्र म्हणजे सोवळं: पूजेला नेसायचं, आंघोळ केलेल्यानेच हाताळायचं, इतर कुणी शिवायचंसुद्धा नाही. म्हणून तर ते उंच. पण अनीशचे आजोबा कारखान्यात नोकरीला म्हणून सांगलीहून देवासला आले, क्वार्टरमध्ये राहिले, आणि त्या घरात उंचावर आजवर एकच गोष्ट ठेवली गेली होती, ती म्हणजे मुलांपासून लपवलेला लाडूंचा डबा.

त्याने काठीने ते खाली घेतलं. हात मारला, पुसलं. पीठ पुढे, धार मागे. दुसरा हात, पुसलं. काय ते पुसणं! मांगीलालने पाहिलं असतं तर दुकान नावावर करून दिलं असतं. डावा गाल आरशासारखा झाला. अनीश उजवीकडे वळणार, तेवढ्यात न्हाणीघराची कडी खाड्कन वाजली.

धार पुढे आली.

आवाज फार मोठा नव्हता. 'स्स्स' असा, कुणीतरी चटका लागल्यावर करतं तसा. वस्त्र मधोमध वीतभर उघडलं. यजमानांचं फडकं फाडलं याची लाज वाटून अनीशने ते झटकलं, फाटका भाग आत राहील असं दुमडलं आणि काठीने पुन्हा होतं तिथे सरकवलं. हे सगळं त्याने सहा सेकंदांत केलं. फॅक्टरीतल्या फायर ड्रिलला इतकी चपळाई त्याला कधी जमली नव्हती.

दार उघडलं. ओला पंचा गुंडाळून दत्तोपंत बाहेर आले. अनीशकडे न बघता त्यांनी काठी घेतली, वस्त्र खाली उतरवलं, आणि अनीशने "गुड मॉर्निंग काका" म्हणायला तोंड उघडलं तसं ते म्हणाले, "बाजूला व्हा. शिवू नका. सोवळं नेसतोय."

तोंड उघडंच राहिलं.

दत्तोपंतांचा चष्मा आत होता. त्यांनी कासोटा घातला, मग एकदम थांबून वस्त्राचा वास घेतला. फेस चंदनाचा होता. दत्तोपंतांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांच्या सेवेनंतर असं काहीतरी व्हायचंच, असा तो भाव होता. तो पाहून अनीशला वाटलं, आत्ताच बेसिनच्या भोकातून खाली जावं.

"काका, एक सांगायचं होतं..."

दत्तोपंतांनी ओठांवर बोट ठेवलं. सोवळं नेसल्यापासून अभिषेक संपेपर्यंत ते मंत्रांखेरीज शब्द बोलत नसत. हाताने 'चला' अशी खूण करून ते निघालेही. अनीशने उरलेला फेस बाहीला पुसला आणि अर्ध्या दाढीनिशी मागे धावला.

गल्लीत त्याला भोक दिसलं. अगदी मागे, कासोट्याच्या बाजूला, आणि प्रत्येक पावलाला ते बोटभर मोठं होत होतं. आत लंगोट होता. त्या सकाळी सुरक्षेची तेवढी एकच व्यवस्था शिल्लक होती. अनीश त्यांच्या मागे बरोबर एक हात अंतर ठेवून, स्वतःचं अंग आडवं धरून चालला. सात वेळा त्याने "काका" म्हणायचं ठरवलं. सातही वेळा त्याला वाटीखालच्या चौदा फोडी दिसल्या. वळण आलं, देऊळ आलं, आणि त्याने तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. फारच वाईट माणूस आहोत आपण, असं त्याला वाटलं, आणि वाईट माणसंसुद्धा निदान दोन्हीकडची दाढी करतात, हेही.

देवळात तीसेक माणसं बसली होती. दत्तोपंत गाभाऱ्यात शिरले, लोकांकडे पाठ करून उभे राहिले, आणि कलश घ्यायला वाकले. पुन्हा तो आवाज झाला. या वेळी लांबलचक. पहिल्या रांगेतल्या दोन बायकांनी एकदम पदर डोळ्यांवर घेतला.

अनीश उंबऱ्याशी गेला आणि अगदी हळू म्हणाला, "काका, तुमचं सोवळं फाटलंय. मी फाडलं. मला ते फडकं वाटलं, मी वस्तरा पुसला त्याला. आणि मला वस्तरा येत नव्हता, मी खोटं बोललो. ते निळं रेझर माझंच आहे."

गाभाऱ्यात आवाज घुमतो. 'निळं रेझर माझंच आहे' हे तर दोनदा घुमलं.

मंत्र थांबला. दत्तोपंतांनी मान वळवली नाही. फक्त मागे हात नेला, अंदाज घेतला, आणि कलश तसाच धरून मंत्र पुढे सुरू केला. पण आता त्यांना वाकता येत नव्हतं, आणि वाकल्याशिवाय अभिषेक होत नाही. अनीश धरायला पुढे सरसावला, तर मागून एक आजोबा ओरडले, "अरे ए! शिवशील त्यांना! ओवळा आहेस तू!"

मग अनीशने जे केलं ते विचार करून केलं असं म्हणता येणार नाही. तो अंगणातल्या नळावर गेला, शर्ट-पॅंट काढली, चार बादल्या डोक्यावर ओतल्या, पुजाऱ्यासाठी ठेवलेला पंचा गुंडाळला, आणि निथळत गाभाऱ्यात जाऊन होणाऱ्या सासऱ्यांचं सोवळं मागून दोन्ही मुठींत घट्ट धरलं.

मंत्रांची अकरा आवर्तनं झाली. दत्तोपंत वाकले की अनीश वाकायचा. ते उठले की तो उठायचा. त्यांनी आरती फिरवली की त्यालाही थोडं फिरावं लागायचं. तास कसला, दीड तास. मागे तीस माणसं, आणि त्यांच्या नजरा पाठीवरच्या गार पाण्याबरोबर खाली ओघळत होत्या. उजवा गाल खाजत होता. खाजवायला हात नव्हता.

शेवटी शंख वाजला. दत्तोपंतांनी कलश खाली ठेवला आणि समोर बघतच पहिल्यांदा बोलले.

"किती?"

"वीतभर."

त्यांनी समईची वात सरळ केली.

"हातभर," अनीश म्हणाला.

"वाढतंय?"

"हो."

"तीस माणसांपुढे बोललास."

"मी हळूच बोललो होतो, काका. ते घुमलं."

दत्तोपंतांच्या पाठीला एक बारीकसा झटका बसला. हसू होतं की खोकला, हे मागून कळायला मार्ग नव्हता. "पंचा आहे का अजून?"

"एकच होता. मी त्यात आहे."

"मग सोडू नकोस," दत्तोपंत म्हणाले आणि प्रदक्षिणेला निघाले.

नेमकी याच वेळी देवासची मंडळी गाडीतून उतरून देवळात आली: आई, बाबा, प्रमोदिनीकाकू आणि कॉलनीतली चार जणं. त्यांनी काय पाहिलं? पुढे दत्तोपंत, मागे त्यांचं वस्त्र धरून ओलाचिंब, अर्ध्या दाढीचा अनीश, गंभीर चेहऱ्याने देवाभोवती फिरतोय.

"हे काय गं?" बाबांनी कुजबुजत विचारलं.

"इथल्या जुन्या घरांत असतं काय काय," प्रमोदिनीकाकू ठामपणे म्हणाल्या. "मुलीच्या बापाला मुलगा धरतो. मी ऐकलंय. मग मुलाला त्याच्या बापाने धरायचं असेल."

बाबा मुळात घाबरट. साखरपुड्याच्या दिवशी आपल्याला पद्धत माहीत नाही असं दिसायला नको, म्हणून ते दाढी सावरत पुढे झाले आणि त्यांनी अनीशचा पंचा मागून धरला. पूजा संपली होती, आता कुणी शिवलं तरी चालणार होतं. आईने बाबांचा कुर्ता धरला. प्रमोदिनीकाकूंनी आईचा पदर. त्यांच्यामागे उरलेले चौघे ज्याला जे सापडलं ते धरून लागले. अनीशला सांगायचं होतं, पण मागे वळलं की हात सुटत होते. धारचे लोक समजले की ही देवासची पद्धत. पाहुण्यांच्या पद्धतीला काय बोलायचं, म्हणून सगळे अदबीने बाजूला झाले आणि काहींनी नमस्कारही केला.

तशीच ती मिरवणूक गल्लीतून निघाली. दूधवाल्याने मोटरसायकल बंद केली. एका माडीवरून कुणीतरी "काय भिया, काय प्रोग्राम?" विचारलं, आणि प्रमोदिनीकाकूंनी मोकळ्या हाताने फोन काढून व्हिडिओ सुरू केला. अनीशची मान इतकी खाली गेली होती की त्याला रस्त्याचे फक्त दगड दिसत होते. साखरपुडा होतो की नाही, हे त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायचं त्याचं तोंड नव्हतं. त्याला सांगितलेलं एकच काम होतं, तेवढं तो करत होता.

दारात इरावतीची बकुळाआत्या ओवाळायचं ताट घेऊन उभी होती. तिच्यामागे इरावती, साडी अर्धी चोपून. आत्याने पाहिलं आणि ताटातलं निरांजन कलंडलं.

"अगंबाई! दत्तू, हे काय?"

दत्तोपंत थांबले. त्यांच्यामागे अनीश थांबला, त्याच्यामागे बाबा, बाबांमागे ओळीने सगळं देवास. दत्तोपंतांनी मान वळवली. ओल्या केसांवरून, अर्ध्या दाढीवरून, पांढऱ्या पडलेल्या मुठींवरून त्यांची नजर सावकाश शेवटच्या माणसापर्यंत गेली आणि परत आली.

"जावई आहे," ते म्हणाले. आणि जरा थांबून, "बाकीचे त्याच्याकडचे."

इरावतीने तोंडावर हात धरला. अनीशने मान वर केली नाही. मुठी मात्र त्याने आणखी घट्ट केल्या, कारण दत्तोपंत उंबरा चढायला पाय उचलत होते.